वेटिंगचं तिकीट

विरारच्या आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांची खरी वयं एकाच पुरुषाला ठाऊक होती, आणि ते म्हणजे माझे बाबा. रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या फॉर्मवर वय लिहावं लागतं, आणि इमारतीतले फॉर्म बाबा भरत. उगाच खोटं वय लिहून प्रवासात पंचाईत नको, म्हणून बायका त्यांच्यापाशी खरं बोलत. बाबांनी ती वयं कधी कोणाला सांगितली नाहीत, आईलासुद्धा नाही. आईला त्याचा राग यायचा.

बाबांची गोरेगावची कंपनी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. दम्यामुळे त्यांना दुसरी नोकरी झेपली नाही. आई वसईच्या एका शाळेत शिकवायची, घर तिच्यावर चालायचं. घरी बसलेल्या पुरुषाला इमारतीत काय किंमत असते ते मी वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाबा मागच्या खुर्चीवर बसत आणि सगळे बोलून झाल्यावरसुद्धा त्यांना कोणी विचारत नसे. पण इमारतीतली निम्मीअधिक बिऱ्हाडं कोकणातली होती. शिमगा, मे महिना आणि गणपती जवळ आले की आमची बेल वाजायला लागायची. "भाऊ आहेत का?" मग बाबा चष्मा लावून, आतून प्लास्टिकची फाइल घेऊन बाहेर यायचे, आणि तेवढ्यापुरते ते वेगळेच माणूस असायचे.

ते काम त्यांनी फार मन लावून केलं. कुठल्या गाडीला वसईला थांबा आहे, कुठली दिव्याहून धरायची, म्हातारीला खालचा बर्थ मिळावा म्हणून काय लिहायचं, सगळं तोंडपाठ. खिडकीवर एका वेळी जाण्याचा एक आणि येण्याचा एक एवढेच फॉर्म घेत. बाबा तेवढे देऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत. ओळखीच्या क्लार्कला त्यांनी तिसरा फॉर्म कधी पुढे केला नाही. एका सकाळी ते चार-चार वेळा रांग लावत. या कामाचं त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. कोणी पपनस आणून दिलं, कोणी कोकम, तेवढंच.

त्यांचा खरा अधिकार होता वेटिंगवर. वेटिंग आलं की माणसं घाबरत, आणि बाबा त्यांना धीर देत. वेटिंग असलं तरी तिकीट हातात आहे, गाडीत चढता येतं. एकदा चढलात की तपासनीस पनवेलच्या पुढे कुठे ना कुठे बसवतो. हे त्यांचं वाक्य इमारतीत सगळ्यांना पाठ होतं आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी काढलेल्या तिकिटावर कोणी फलाटावर राहिलं नाही.

मला मात्र त्या सगळ्याची लाज वाटायची. हे लिहायला हवं. मी वसईच्या कॉलेजात मॅनेजमेंटच्या पदवीला होते. एकदा मैत्रिणीबरोबर विरार स्टेशनच्या पुलावरून उतरत होते. बाबा रिझर्व्हेशनच्या रांगेत फाइल छातीशी धरून उभे होते, दोघातिघांना फॉर्म समजावत. मैत्रिणीने त्यांना आमच्या घरी पाहिलं होतं. ती म्हणाली, "तुझे बाबा एजंट आहेत का?" तिने सहज विचारलं. एजंट म्हणजे तिकिटांचा काळाबाजार करणारा, हे मला माहीत होतं, तिला होतं की नाही कोण जाणे. मी "नाही गं" म्हटलं आणि भराभर चालायला लागले. तो शब्द मात्र माझ्याबरोबर घरी आला. त्यानंतर बेल वाजून "भाऊ आहेत का?" ऐकलं की मला वाटायचं, या लोकांना पाय नाहीत का.

मग दोन हजार नऊचा ऑगस्ट आला आणि त्याच्याबरोबर स्वाइन फ्लू. पुण्यातली बातमी आली आणि चार दिवसांत केमिस्टकडचे मास्क संपले. लोक रुमालाला निलगिरीचं तेल लावून फिरू लागले. आमच्या इमारतीत कापूर आणि वेलचीच्या पुरचुंड्या बांधून झाल्या, बारक्या मुलांच्या गळ्यात त्या लटकत. शाळा-कॉलेजं आठवडाभर बंद झाली. बंद करताना सरांनी आम्हाला प्रोजेक्ट दिला: साथीच्या काळात तरुण मंडळी ऑनलाइन सेवांकडे का वळतात. प्रश्नावली तयार करा, चाळीस जणांकडून भरून घ्या, निष्कर्ष लिहा.

मी प्रश्नावली केली. कारणांचे चार पर्याय दिले: संसर्गाची भीती, वेळेची बचत, सोय, मित्रमैत्रिणींचा सल्ला. ती घेऊन मी ओळखीपाळखीत फिरले. एक मुलगी म्हणाली की ती आता मोबाइलचा रिचार्ज नेटवरून करते, कारण नाक्यावरचा दुकानदार तिचा नंबर मोठ्याने वाचतो आणि मग रात्रभर मिस्ड कॉल येतात. एक मुलगा म्हणाला, निकाल नेटवर बघितला की नोटीस बोर्डापुढे सगळ्यांच्या देखत नापास व्हावं लागत नाही. दोघांनी हे हसतहसत सांगितलं आणि खूण केली ती संसर्गाच्या भीतीवर. माझ्या प्रश्नावलीत लाज हा पर्यायच नव्हता.

त्याच आठवड्यात गणपतीच्या जादा गाड्यांचं बुकिंग उघडणार होतं. तळमजल्यावरचे काका आले. ते कणकवलीकडचे, आमच्याच तालुक्यातले, बाबांच्या वयाचे. यंदा त्यांच्या घराण्यातल्या गणपतीच्या पूजेला बसायचा मान त्यांच्याकडे आला होता. पाच भावांची घरं, म्हणजे पाच वर्षांनी एकदा पाळी येते, आणि मागच्या खेपेला काका आजारपणामुळे जाऊ शकले नव्हते. आता दहा वर्षांनी ते पाटावर बसणार होते. सोवळ्यासाठी त्यांनी नवा कद घेतला होता आणि काकूंनी तो आम्हाला उलगडून दाखवला होता.

बाबांनी फाइल काढली. मी मध्ये पडले. म्हटलं, "बाबा, तुम्ही रांगेत उभे राहायचं नाही. तुमची छाती बघा आणि बाहेर काय चाललंय ते बघा. मी नेटवरून काढते."

बाबा म्हणाले, "मास्क लावून जाईन की."

"पोरगी बरोबर बोलता," काका म्हणाले. "भाऊनू, तुमका काय झाला तर आमी काय करूचा?"

बाबांनी फाइल मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा कसा झाला हे मी पाहिलं आणि तरी मला बरं वाटलं. त्यांच्या दम्याची मला काळजी होती, हे खोटं नाही. पण काळजीच्या आडून मी दुसरंच काम उरकून घेत होते. ती रांग, ती फाइल, तो शब्द, सगळं एका फटक्यात संपवायची संधी मला साथीने दिली होती.

सायबर कॅफे स्टेशनजवळ होता. जूचंद्रच्या एका शेतकरी घरातल्या माणसाने तो काढला होता. जमीन बिल्डरला गेल्यावर त्याने दहा कॉम्प्युटर घेतले होते. कॉलेजने उघडून दिलेल्या बँकेच्या खात्याचं नेट बँकिंग माझ्याकडे होतं. बाबांनी काकांच्या तिकिटाचे पैसे आधी त्यात भरले. नावं आणि वयं काकूंनी चिठ्ठीवर लिहून दिली होती. मी गेले तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या बंद, एसी चालू, दहा खुर्च्यांवर पंधरा जण, अर्ध्यांच्या तोंडावर रुमाल. रिझर्व्हेशनच्या रांगेतल्या माणसांना निदान वारा होता. मालक मला म्हणाला, "बस जरा. पानी पी. लाइट गेली व्हती, आता नेट धरतंय नीट." साइट तीनदा अडकली. चौथ्यांदा पान उघडलं तेव्हा काका-काकूंची दोन वेटिंग तिकिटं निघाली, नऊ आणि दहा नंबरची. खाली अटी मान्य असल्याची चौकट होती. मी अटी न वाचता खूण केली आणि पुढे गेले. कोण वाचतं?

प्रिंट घेऊन घरी आले. बाबांनी तो कागद उलटसुलट केला. "हे तिकीट?" त्यांनी विचारलं. त्यांना जाड, छापील तिकिटाची सवय. मग नंबर बघून ते म्हणाले, "नऊ-दहा म्हणजे होईल. जादा गाडीला शेवटी जागा सुटतात."

काकांची गाडी शुक्रवारी संध्याकाळी होती आणि चतुर्थी रविवारी. गुरुवारी दुपारी मी काकूंकडून तो कागद मागून आणला. प्रोजेक्टला नमुना म्हणून त्याची झेरॉक्स जोडायची होती. झेरॉक्सवाल्याकडे गर्दी होती, म्हणून उभ्याउभ्या मी तो पहिल्यांदा नीट वाचला. खाली बारीक इंग्रजीत सूचना होत्या. त्यांतल्या एकीत लिहिलं होतं की या प्रकारचं तिकीट चार्ट बनल्यावरही वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, आणि त्यावर गाडीत चढता येणार नाही. प्रोजेक्टसाठी महत्त्वाचं म्हणून मी सवयीने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर मला त्या ओळीचा अर्थ कळला.

खिडकीवरच्या तिकिटाला हा नियम नव्हता. बाबांचं सगळं ज्ञान खिडकीवरच्या तिकिटाचं होतं.

मी तिथूनच कॅफेत गेले आणि नंबर बघितला. चार आणि पाच. एका आठवड्यात पाच नंबर सरकले, अजून एक दिवस आहे, होईल, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आले तर काका आमच्याकडेच बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला.

ते बाबांना विचारत होते, "नालासोपाऱ्यासून एसटी सुटतहत उद्या सकाळी. दोन सीट आसत म्हणतत. घेवन ठेवू काय?"

बाबा मालवणीत म्हणाले, "कित्याक? वेटिंग आसला म्हणान काय झाला? तिकीट हातात आसा. चढायचा. पनवेलच्या फुडे टीसी बसयता."

मी दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं: बाबा, हे तिकीट तसं नाही. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग तू असलं तिकीट काढलंस कशाला, आणि मला ठाऊक नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं. ज्या मुलीने बापाला रांगेतून बाजूला केलं, तिला काढलेलं तिकीट वाचता आलं नव्हतं. मी आत गेले आणि हातपाय धुतले. काका थोड्या वेळाने गेले. एसटीच्या त्या दोन सीट दुसऱ्या कोणाला मिळाल्या असतील.

शुक्रवारी कॅफेचं नेट बंद होतं. बाबा दरवर्षीप्रमाणे पोहोचवायला वसईला निघाले, आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. काका-काकूंबरोबर सामानाचे तीन डाग होते, शिवाय मखराचं थर्माकोल चादरीत बांधलेलं. गाडी लागली. डब्यावर चार्ट चिकटवलेला होता, बाबांनी चष्मा लावून वरून खाली बोट फिरवलं. नाव नव्हतं. बाबा गडबडले नाहीत, वेटिंगवाल्यांचं नाव चार्टवर नसतंच. त्यांनी काकूंना डब्यात चढवलं, एक बॅग वर दिली आणि दारातल्या तपासनीसापुढे अदबीने कागद धरला.

तपासनीस म्हणाला, "हे रद्द झालंय."

"वेटिंग आहे, साहेब," बाबा म्हणाले. "चढू द्या त्यांना. पुढे कुठे जागा झाली तर बघा."

"अहो, हे ई-तिकीट आहे. चार्ट झाला की संपलं. यावर चढले तर विनातिकीट धरावं लागेल मला." तो वाईट माणूस नव्हता, मागून लोक ढकलत होते. त्याने पेनाचं टोक कागदाच्या खालच्या बाजूला टेकवलं. "इथे लिहिलंय बघा."

बाबांनी वाकून पाहिलं. त्यांना इंग्रजी चांगलं वाचता येत होतं, कंपनीत ते स्टोअर सांभाळत. त्यांनी ती ओळ वाचली. ओळीखालची पेन्सिलीची रेघ त्यांना दिसली. फूटपट्टी न लावता मी रेघ मारते तेव्हा ती शेवटी वर चढते, माझ्या शाळेच्या वह्या तपासताना त्यांनी मला त्यावरून कितीदा टोकलं होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

काकू उतरल्या. बॅग खाली आली. गाडी सुटली तेव्हा काका थर्माकोल दोन्ही हातांनी धरून उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त बाबांना विचारत राहिले, "आता कसा करूचा, भाऊनू?" आणि बाबा तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल त्या एसटीने उभ्याने ते गेले. महामार्गावर गाड्यांची रांग लागली होती. घरी पोहोचायला त्यांना रविवारची दुपार झाली. तोवर भटजींनी खोळंबून धाकट्या भावाला पाटावर बसवलं होतं.

काका गावी होते त्या दहा दिवसांत बाबांनी मला एक शब्द विचारला नाही. जेवायला बोलवायचे, पंखा बंद कर म्हणायचे, बाकी काही नाही. मी रोज ठरवायची की आज बोलायचं. एकदा त्यांच्यासमोर जाऊन उभीसुद्धा राहिले. त्यांनी "काय गं?" विचारलं आणि मी म्हटलं, "चहा टाकू?"

काका परतले ते तडक आमच्याकडे आले. गावाहून आणलेल्या गोड खाज्याचा पुडा त्यांनी टीपॉयवर ठेवला, पण चहा नको म्हणाले. रागावलेले नव्हते. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. "इतक्या वर्सात असा कधी झाला नाय," ते म्हणाले. "तुमी सांगितलात म्हणान मी एसटी घेतलंय नाय. झाला काय ता सांगा."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला वाटलं, आता बाबा माझं नाव घेतील, आणि खरंच सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

बाबा म्हणाले, "चेडवान माका सांगितलेल्यान. आदल्या दिवशीच. माकाच पटूक नाय."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मुलीने मला आधीच सांगितलं होतं, मलाच पटलं नाही, असं बाबा म्हणाले. ते माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले. काका मान हलवत उठले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

इमारतीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पोरगी सांगत होती, भाऊंनी ऐकलं नाही. जिन्यात बायका मला थांबवून सांगत की त्यांचं वय झालं आता, मनावर घेऊ नकोस. मी हसायची. मी खरं सांगितलं नाही. बाबांनी इतक्या कष्टाने झाकलेलं मी कसं उघडं करू, अशी माझी समजूत मी घालून घेतली होती. ती समजूत फार सोयीची होती.

प्रोजेक्ट मी वेळेवर दिला. निष्कर्षात लिहिलं की साथीच्या काळात तरुण ऑनलाइन सेवांकडे वळतात ते प्रामुख्याने संसर्गाच्या भीतीने आणि घरातल्या ज्येष्ठांच्या काळजीपोटी. सरांनी काळजीपोटी या शब्दाशेजारी लाल पेनाने 'छान' लिहिलं होतं. तिकिटाची झेरॉक्स मी जोडली नाही.

पुढच्या वर्षी फ्लूचं नाव मागे पडलं होतं. कापराच्या पुरचुंड्या कधीच गेल्या होत्या. खिडकी होती, रांग होती, बाबांची छातीही बरी होती. पण मे महिन्यात बेल वाजली आणि बाबांनी दार उघडलं, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या काकांनी विचारलं, "ती आसा काय घरात?"

बाबा म्हणाले, "आसा. बसा तुमी." त्यांनी मला हाक मारली, काकांसाठी आपली खुर्ची रिकामी केली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

तोवर आमच्याकडे कॉम्प्युटर आला होता. मी काकांना तारखा विचारल्या, गाडी विचारली. वय विचारलं तेव्हा ते जरा घुटमळले, कारण बाबांना ते पाठ होतं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. काकूंचं वय त्यांना नक्की सांगता आलं नाही. मागच्या वर्षीची चिठ्ठी सापडेना, मी अंदाजाने लिहिलं. गॅलरीत बाबा रस्त्याकडे बघत उभे होते.

सगळं भरून झाल्यावर काका पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "वेटिंग इला तर तू माका आधी सांगशीत मा? त्या खेपेक तू सांगितलंस, पण ह्येंनी आयकूक नाय."

गॅलरीचं दार उघडं होतं. बाबांची पाठ मला तिथून दिसत होती.

मी म्हटलं, "सांगेन, काका."